एकनाथ तात्या आणि बुटके लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायला गेलेलं माणूस काउंटरशी उभं राहतं, दोन बटणं दाबून बघतं, उगाच झाकण उघडझाक करतं. आमचे एकनाथ तात्या दुकानात शिरले की उलटे फिरायचे, दाराच्या पायरीवर उकिडवे बसायचे आणि तिथून मान वर करून टेबलावरच्या लॅपटॉपांकडं बघायचे.

"हां, आता चालू करा," ते दारातून ओरडायचे.

पैठण गेटजवळच्या त्या दुकानाचे मालक इरफानभाई मोठे सोशिक. म्हणायचे, "तात्या, अंदर आव ना. कुर्सी है, पंखा है."

"कुर्सीपे बैठके सबकूच दिखता. यहाँ से दिखना!"

बाकीची गिऱ्हाइकं तात्यांना ओलांडून आत जायची. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या हातावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं. तात्यांनी खिशातला टेप काढला, नाण्याचा व्यास मोजला आणि नाणं परत केलं. मग पुन्हा लॅपटॉपकडं बघून म्हणाले, "काळं पडतंय. नाय जमत. पुढचा दाखवा."

मुकुंदवाडीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. तात्या वाळूजच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. आधी बोर्डावर कागद ताणून पेन्सिलनं यंत्रांचे भाग काढायचे, पुढं तेच काम कॉम्प्युटरवर आलं. मूळ गाव सिल्लोडकडं, घर मेंढपाळांचं. त्यांच्या सगळ्या घराण्यात काठीऐवजी पट्टी हातात आलेला हा पहिला माणूस, आणि पट्टी आली ती पुन्हा सुटलीच नाही. खिशात स्टीलचा टेप कायम. लग्नात आहेर द्यायला गेले तरी आधी स्टेजची उंची मोजून यायचे.

उंची हा त्यांचा जीव. आणि त्या जीवावर घाव घातला लॅपटॉप कंपन्यांनी.

मला तो दिवस आठवतो. कमलकाकू, म्हणजे तात्यांची बायको, भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "बाई, जरा या. हे जेवंनात. ऑफिसात काहीतरी झालंय."

मी शाळेत शिकवते, त्यामुळं गल्लीत सगळे मला बाईच म्हणतात आणि कुठलाही रुसवा काढायला मलाच बोलावतात. मी गेले. तात्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"काय झालं तात्या?"

"सव्वा इंच न् एक सूत गेला."

"कशाचा?"

"पडद्याचा!" ते फिरले. डोळे लाल. "जुना लॅपटॉप काढून घेतला, नवा दिला. जुना पंधरा इंची होता. उंची नऊ इंच. नवा म्हणं पंधरा पूर्णांक सहा. मोठा दिला म्हणून सगळे टाळ्या वाजवायलेत. मी टेप लावला. उंची किती? साडेसात न् एक सूत!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तात्यांच्या तोंडी तो शब्द किलोमीटरसारखा यायचा. "मोठा म्हणून सांगून बुटका दिला, बाई!"

"पण मग मोठा कसा?"

"तिरकं मोजतेत! ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तिरकं मोजलं तर कुणीबी मोठं दिसंल. मला तिरकं मोजा, मीबी पहिलवान."

त्या वर्षांत सगळेच लॅपटॉप असे झाले. चौकोनी पडदे गेले, लांबट आले. तात्यांचं म्हणणं असं की हे सिनेमा बघायला केलेत. "सगळ्या देशाला काय सिनेमाच बघायचाय का? कागद उभा. माणूस उभा. झाड उभं. हा एकटाच का झोपलाय?" त्यात नव्या पडद्यांना चकाकी आली. आमच्याकडच्या उन्हात खिडकीपाशी बसलं की पडद्यात चित्र कमी आणि स्वतःचं तोंड जास्त दिसायचं. तात्यांनी ऑफिसात साहेबांना लेखी कळवलं: मला काम करायचे आहे, दाढी नाही.

साहेबांनी उत्तर दिलं नाही. तात्यांनी घरी येऊन ठरवून टाकलं की या जगाला लांबीरुंदीचं वेड लागलंय आणि उंचीचं आता आपल्यालाच बघावं लागणार.

पुढं दुष्काळ पडला. एक नाही, लागोपाठ. नळाला आठव्या दिवशी पाणी, तेही तासभर. गल्लीत जो तो ड्रम, टाक्या, पिंपं आणू लागला. तात्यांनी सगळ्यांना सल्ला दिला, "आडवी टाकी जागा खाते. उभी घ्या, उभी!" स्वतः कुठून तरी एक सडपातळ, माणसापेक्षा उंच टाकी बनवून आणली. अंगणाच्या कोपऱ्यात ती मिनारासारखी उभी राहिली. दोन दिवस गल्ली कौतुकानं बघायला आली. तिसऱ्या दिवशी पाणी निम्म्यावर आलं आणि लक्षात आलं की टाकीला खाली तोटीच नाही. काकू स्टुलावर चढायच्या, तांब्या घेऊन अर्ध्या आत जायच्या, आणि आतून त्यांचा आवाज घुमत यायचा, "तुमची उंची घाला चुलीत!"

तात्या बाहेरून शांतपणे विचारायचे, "पाणी कितीय?"

"या आत, दाखवते!"

दुष्काळातसुद्धा शहर वाढायचं काही थांबलं नव्हतं. प्यायला पाणी टँकरचं, पण बायपासकडं बिल्डिंगीवर बिल्डिंगी. माझ्या नवऱ्याला, सुनीलला, फ्लॅट बघायची हौस आली आणि त्यानं चूक केली: तात्यांना सोबत नेलं. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये एक टाय लावलेला माणूस हॉलची लांबी सांगत होता, बेडरूमची रुंदी सांगत होता. तात्यांनी पलंगावर उभं राहून छताला टेप लावला.

"सर, खाली उतरता का?"

"नऊ फूट दोन इंच," तात्या वरूनच म्हणाले. "ह्या जागेवर माझ्या दादानं दोन हिवाळे मेंढरं बसवली. तवा छताला हात लागत नव्हता."

फ्लॅट राहिला.

हा दादा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ मारुतीआबा. त्याच उन्हाळ्यात ते कायमचे तात्यांकडं राहायला आले. गावाकडं चारा नव्हता, पाणी नव्हतं, मेंढरं विकून टाकली एवढंच आम्हाला कळलं. आबा उंच, काटक, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. बोलणं जवळजवळ नाहीच. सकाळी उठले की मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत चालत जायचे, रुळांपलीकडं बघत उभे राहायचे आणि परत यायचे. मग दिवसभर घराच्या उंबऱ्याशी, घोंगडी अंथरून. काकूंनी खुर्ची दिली तर म्हणाले, "खुर्चीवर बसलं की पायाचं काय करावं कळंना."

आणि त्याच सुमाराला तात्यांचं लॅपटॉपच्या दुकानात उकिडवं बसणं सुरू झालं. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं मला त्या वेळी वाटलं नाही. मला वाटलं, उंचीचं खूळ आता गुडघ्यात उतरलं.

कारण तेव्हा मी स्वतःच्याच संकटात होते. शाळेची सगळी माहिती कॉम्प्युटरवर भरायचा हुकूम आला होता. मला लॅपटॉप पाहिजे होता, आणि शेजारी जाणकार माणूस असताना त्याला न विचारणं बरं दिसत नव्हतं. विचारलं. तात्यांना घेऊन गेलेला माणूस लॅपटॉपशिवाय परत येतो ही ख्याती मला ठाऊक होती, तरी गेले.

चार रविवार आम्ही फिरलो. तात्यांची परीक्षा ठरलेली. आधी टेप: "उंची सांगा. लांबीला कोण विचारतंय?" मग पायरीवर जाऊन बसायचं. वरून, समोरून सगळे पडदे छान दिसायचे. पण खालून बघितलं की चित्र काळवंडायचं, रंग उलटेपालटे व्हायचे. मीही एकदा त्यांच्या शेजारी बसून बघितलं. पडद्यावर एक नवरा-नवरी होती. खालून बघितल्यावर नवरीचे दात काळे आणि केस पांढरे झाले.

"बघितलं?" तात्या म्हणाले. "खालून बघणाऱ्याला हे असं दाखवायलेत."

"पण तात्या, लॅपटॉप खालून बघतं कोण?"

तात्या उठले, गुडघे झटकले आणि इरफानभाईंना म्हणाले, "पुढचा."

"तात्या," इरफानभाई हात जोडून म्हणाले, "दुकान खतम हो गया. अब मैं रह गया. मेरेकू नापो."

पाचव्या रविवारी तात्या वाळूजला ओव्हरटाइमला गेल्याचं बघून मी आणि सुनील गुपचूप गेलो आणि सगळ्यात साधा, लांबट, बुटका लॅपटॉप घेऊन आलो. साडीच्या पिशवीत लपवून आणला. दोन दिवस स्वयंपाकघरात, पंख्याशिवाय बसून माहिती भरली. तिसऱ्या दिवशी तात्या भिंतीवरून म्हणाले, "बाई, झालं ते झालं. येऊ का?"

मयताला आल्यासारखे आले. टेप लावला, आकडा बघितला, मान हलवली. काकूंच्या हातचा चिवडा सोबत आणला होता, तो माझ्या पुढ्यात ठेवला. मग बराच वेळ घुटमळून म्हणाले, "आज संध्याकाळी एक तास देता का?"

"हा बुटका?"

"घरी काय बी नाय ना. ऑफिसचा घरी आणू देत नायत. टीव्ही डब्याचा, त्याला पेनड्राइव्ह लागत नाय. बघतो जरा."

मी लॅपटॉप दिला. तासाचे दोन झाले, माझी माहिती अर्धवट होती, म्हणून आणायला गेले. दारातच थांबले.

लॅपटॉप कोठीवर, म्हणजे धान्याच्या उंच पत्र्याच्या डब्यावर, एखाद्या देवासारखा बसवला होता. उंबऱ्याशी आबा घोंगडीवर, मान वर करून. आणि तात्या कधी लॅपटॉपचं झाकण पुढं वाकवत होते, कधी मागं, कधी पळत येऊन आबांच्या शेजारी उकिडवे बसून वर बघत होते.

पडद्यावर मेंढरं होती. पडद्याच्या मधोमध चार बोटं रुंदीची पट्टी, दोन्ही बाजूंना काळं, आणि त्या पट्टीत दाटीवाटीनं मेंढरं.

"इतकं बारीक का?" मी विचारलं.

"फोन उभा धरून काढलंय," तात्या म्हणाले. "आडवा धरला तर दादा कमरंपासून कापला जात होता. उभा धरल्यावर पायापासून पटक्यापर्यंत आला. पण ह्या पडद्याला उंचीच नाय, मग त्यानं आवळून पट्टी केली." त्यांनी आबांकडं बघून आवाज खाली आणला. "शेवटच्या दिवशी काढलं. संध्याकाळी व्यापारी आला. दादा ओढ्यात जाऊन बसला, मीच भरून दिली. सगळी एका गाडीत गेली."

फोनवर आबांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं. म्हणून हा सगळा खटाटोप. 

आबा पडद्याकडं नीट बघून म्हणाले, "ही आपली मेंढरं नाहीत."

"दादा, आपलीच हायेत."

"आपली पांढरी जास्त व्हती. ही समदी काळी हायेत. आन् ती काळी, ती भुतावानी पांढरी. दुसऱ्याची हायेत ही."

मी वाकले, आबांच्या जागेवरून बघितलं. खरंच. पांढरं मेंढरू खालून काळं दिसत होतं आणि काळं राखेसारखं पांढरं.

"मग लॅपटॉप खाली ठेवा ना, त्यांच्यासमोर," मी म्हटलं.

तात्या हताश हसले. "ठेवला. उठून दाराबाहेर गेला."

"विद्येची वस्तू," आबा मला समजावत म्हणाले. "पायापाशी ठेवू नये."

"मग तुम्ही तरी पलंगावर बसा आबा."

"मेंढराचं माणूस मी. पलंगावर काय बसू?"

म्हणजे वस्तू वर पाहिजे आणि माणूस खाली. तात्यांनी लॅपटॉप आडवाचा उभा करून बघितला, उघडलेल्या पुस्तकासारखा, आणि आतलं चित्रही फिरवलं. पट्टी मोठी झाली, मेंढरं मोठी झाली, पण आता बाजूनं बघितलं तर काळं पडायला लागलं, आणि आबा बाजूलाच बसलेले. आबा म्हणाले, "एकनाथ, त्याला कशापायी तरास देतो? पडू दे." ते उठले आणि घोंगडी झटकून बाहेर गेले. तात्यांनी लॅपटॉप मला परत दिला. देताना त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली.

त्यानंतर काही वर्षं गेली. पाऊस पुन्हा बरा पडला. उभी टाकी भंगारात गेली, काकूंनी स्वतः उभं राहून घालवली. तात्या रिटायर झाले. बायपासकडं एवढ्या इमारती झाल्या की मेंढरं कुठं बसली होती हे आता तात्यांनाही टेप लावून सापडलं नसतं. आबा थकले, स्टेशनपर्यंत जाणं बंद झालं, उंबरा तेवढा राहिला. तात्या मात्र दर दोन-तीन महिन्यांनी इरफानभाईंच्या पायरीवर जाऊन बसायचे, बघायचे आणि उठायचे. इरफानभाईंनी पायरीवर त्यांच्यासाठी एक बारदान अंथरलं होतं.

एका दुपारी तात्यांचा फोन वाजला. ते आमच्याच ओट्यावर बसले होते. फोन स्पीकरवर.

"तात्या, इरफान बोल रहा. तुम्हारा हाइट वापस आ गया. देखने आव."

तात्यांनी चप्पल उलटी घातली. मीही मागं गेले, कारण असली गोष्ट ऐकीव बरी नव्हे.

नवा लॅपटॉप टेबलावर होता. पडदा खरंच उंच झाला होता. पूर्वीसारखा चौकोनी नव्हे, पण झोपलेलाही नव्हे. झोपेतून उठून बसल्यासारखा. चकाकी नव्हती. तात्यांनी टेप लावला. पुन्हा लावला. "साडेआठाला एक दोरा कमी," ते म्हणाले; दोरा म्हणजे अर्धं सूत. मग पायरीवर जाऊन बसले.

इरफानभाईंनी पडदा चालू केला. कसलं तरी फुलांचं चित्र होतं. तात्या डावीकडं सरकले, उजवीकडं सरकले, आणखी खाली वाकले, गाल पायरीला टेकेपर्यंत. फूल जसंच्या तसं लाल.

ते बराच वेळ उठले नाहीत. इरफानभाई घाबरून म्हणाले, "क्या हुवा? काला पड़ रहा?"

"नाय," तात्या म्हणाले. "बांधून द्या."

संध्याकाळी काकूंनी मला हाक मारली. कोठीवर लॅपटॉप, उंबऱ्याशी आबा. मी आणि काकू आतल्या दाराशी बसलो. तात्यांनी पेनड्राइव्ह लावला. मेंढरं आली, चित्र चांगलं वीतभर उंच. मागं उघडा माळ, वर आभाळ, आणि मधे काठीवर हनुवटी टेकून उभे आबा, पायापासून पटक्यापर्यंत. पांढरी मेंढरं पांढरी होती.

आबांनी मान वर केली. जीभ टाळूला लावून एक आवाज काढला, मेंढरं वळवताना काढतात तसा. मिनिटभराचं ते चित्र, संपलं. तात्यांनी न विचारता पुन्हा लावलं.

"ती भुंडी," आबा बोट करून म्हणाले. "ती तांबड्या कानाची. ह्या दोघी जावाजावा, एकीला सोडून दुसरी चरायची नाय." कितीतरी दिवसांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मग पडद्याच्या अगदी कडेला, कळपाच्या मागं, एक मेंढी पाय ओढत येताना दिसली. आबा थांबले.

"ही लंगडी. एकनाथ, हिला कुणी घेतलं रं?"

तात्यांनी टेप खिशातून काढला, हातात फिरवला, परत ठेवला.

"हिला? हिला एकानं घरी पाळायला नेली. येगळी."

"व्हय? कुठला व्हता?"

"फुलंब्रीकडचा."

"चारा हाय का तिकडं?"

"लई हाय. विहीर हाय त्याला. बारमाही." तात्या आता थांबेनात. "मला भेटला होता मागं. म्हणला, लई गुणाची मेंढी. दोन पिल्लं झालीत म्हणं तिला."

काकूंनी माझा हात धरला.

आबा हसले. तोंडात दात थोडेच राहिले होते. "येड्या, ती म्हातारी व्हती. दोन साल गाभण राहिली नव्हती. तिला कुठली पिल्लं?"

तात्या पडद्याकडं बघू लागले, नंतर जमिनीकडं.

आबांनी हात लांब केला आणि शेजारी उकिडव्या बसलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या गुडघ्यावर ठेवला.

"पण झाली असतील," ते म्हणाले. "चांगला चारा मिळाल्यावर व्हतं बी. लाव, पुन्ना लाव."